डॉक्टरांनी दिलेल्या साध्या गोळीबद्दल शंका आली तर काय करावं?

आम्हा इंदूरच्या मराठी मंडळींची एक गंमत आहे. डॉक्टरांना उलट विचारायचं म्हणजे उद्धटपणा, पण सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर भेटलेल्या कुणीही गोळी सुचवली की ती बिनघोर घ्यायची!

गेल्या पावसाळ्यात मला ताप होता. घरातली ६५०ची पॅरासिटामोल दिवसातून चारदा चालू होती. गल्लीतल्या डॉक्टरांनी वर सर्दीची गोळी दिली, दिवसातून तीनदा. म्हणाले, ‘साधी आहे, काही होत नाही.’ घरी येऊन चष्मा लावला, तर तिच्यातही ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामोल. २६०० आणि १५०० मिळून ४१००. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४०००. डॉक्टरांना एवढंही कळू नये? पण खरं सांगायचं तर त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नव्हतं.

म्हणून पहिलं काम: जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घाला. बीपीच्या, थायरॉइडच्या, आयुर्वेदिक, सगळ्या. ‘ती पांढरी गोळी’ असं सांगून कुणालाच काही कळत नाही.

मग स्ट्रिपवरची बारीक अक्षरं वाचा. एक नाव कंपनीने ठेवलेलं, दुसरं आतल्या औषधाचं. आपले मेडिकलवाले या दुसऱ्याला ‘साल्ट’ म्हणतात. अंगदुखीवरच्या कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामोल ३२५ असतं, म्हणजे तिच्यावर तापाची गोळी घेतली की पॅरासिटामोल दोनदा पोटात गेलंच. आयबुप्रोफेनने बीपी वाढू शकतं, मूत्रपिंडावर ताण येतो. सर्दीच्या गोळीत बऱ्याचदा असणारं, नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिनही बीपीवाल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

शंका बोलून दाखवताना ‘तुम्ही चुकलात’ नको. इथे बहुतेक ठिकाणी हिंदीतच बोलावं लागतं, तर सरळ स्ट्रिप पुढे करून ‘सर, ये मैं पहले से ले रहा हूँ, दोनों साथ चलेंगी?’ एवढं पुरे. मी दुसऱ्या दिवशी तेच केलं. डॉक्टरांनी स्ट्रिप उलटीपालटी करून पाहिली आणि घरची गोळी बंद करायला सांगितली.

उत्तर उडवाउडवीचं आलं तर दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा. काउंटरवरच्या पोराला नव्हे, ज्याच्या नावाचं सर्टिफिकेट भिंतीवर आहे त्याला. तरी समाधान झालं नाही तर दुसरा डॉक्टर गाठा. मात्र या भानगडीत बीपी-शुगरची रोजची गोळी मनानेच बंद करू नका.

आणि पॅरासिटामोल फारच जास्त पोटात गेली असेल तर बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका. यकृताला झालेली इजा पहिल्या दिवशी कित्येकदा जाणवतच नाही. स्ट्रिपा घेऊन तडक एमवाय (इंदूरचं मोठं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जा.

औषधाचा त्रास झालाच तर तो कळवायला १८००-१८०-३०२४ हा मोफत नंबर आहे. रुग्णानेही फोन केलेला चालतो.