ऑस्ट्रेलियात नेटिव्ह टायटलचा दावा कसा उभा करतात

३ जून १९९२ रोजी माबो खटल्याच्या निकालात ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने एक जुनं असत्य पुसून टाकलं: इंग्रज येण्याआधी ही भूमी कुणाचीच नव्हती, हे. टॉरस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरच्या मेरियम लोकांचा आपल्या भूमीवरचा परंपरागत हक्क मान्य झाला. अशा हक्कालाच नेटिव्ह टायटल म्हणतात. पण ब्रिटिश राजसत्तेने सार्वभौमत्व मिळवलं ते न्याय्य होतं का, हा प्रश्न तिथल्या न्यायालयात विचारताच येत नाही, हेही त्याच निकालाने कायम ठेवलं. दाव्याची तयारी करणाऱ्याने ही मर्यादा आधी ओळखावी. न्यायालय 'ही भूमी कुणाची?' असं विचारत नाही. सार्वभौमत्व आलं त्या दिवशी तुमच्या पूर्वजांचे जे कायदे आणि रीती होत्या, त्या आजवर खंड न पडता पाळल्या गेल्या का, एवढंच ते विचारतं. तो दिवस पूर्व किनाऱ्यावर १७८८ चा, पश्चिम ऑस्ट्रेलियात १८२९ चा, मेर बेटांवर १८७९ चा. सगळे पुरावे या प्रश्नाभोवती बांधायचे.

सुरुवात जमिनीच्या कागदांपासून. दाव्यातल्या प्रत्येक तुकड्यावर आजवर कोणते पट्टे दिले गेले, ते काढा. २३ डिसेंबर १९९६ पूर्वी पूर्ण मालकीने किंवा अनन्य ताब्याच्या भाडेपट्ट्याने वैधपणे दिलेल्या जमिनीवर हक्क साधारणपणे संपलेला असतो. गुराढोरांच्या कुरणांचे पट्टे मात्र वेगळे. १९९६ च्या विक निकालानुसार तिथे दोन्ही हक्क एकत्र नांदू शकतात. आड आले तर पट्टेदाराचा हक्क वरचढ. मोकळ्या सरकारी जमिनीवरचा जुना पट्टा १९९३ च्या नेटिव्ह टायटल कायद्याच्या कलम ४७बी खाली दुर्लक्षित होऊ शकतो, पण अर्ज दाखल होताना गटातलं कुणीतरी तिथे वावरत असलं पाहिजे. त्या काळातले मुक्काम, शिकार, जागेची देखभाल यांच्या तारीखवार नोंदी तेव्हाच करा. नंतर आठवणीतून लिहिलेल्या नोंदी उलटतपासणीत टिकत नाहीत.

मग दावेदार गट ठरवायचा. बहुतेक दाव्यांत नावं दिलेले मूळपूर्वज आणि त्यांचे वंशज अशी व्याख्या असते. एखादा पूर्वज सुटला, की त्याचं घराणं प्रतिवादी म्हणून उभं राहतं आणि वर्षं वाया जातात. म्हणून वंशावळी आधी सगळ्या घराण्यांसमोर ठेवा, अर्ज मागाहून.

अर्जदारांना गटाने अधिकार द्यावा लागतो. अशा निर्णयासाठी परंपरेने बंधनकारक पद्धत असेल तर तीच वापरायची; नसेल तर सर्वांनी मान्य केलेली. सभेची सूचना कुणाला, कधी, कशी दिली, कोण आलं, ठराव कोणत्या शब्दांत झाला, हे जपून ठेवा. चांगले दावेही इथेच अडखळतात, कारण दूर शहरात गेलेल्या नातलगांपर्यंत सूचना पोचलेली नसते.

अर्ज फेडरल कोर्टात जातो. सोबत सीमांचं लेखी वर्णन, नकाशा आणि अर्जदारांची शपथपत्रं. त्यानंतर नेटिव्ह टायटलचा निबंधक नोंदणीची कसोटी लावतो, म्हणजे दावा अधिकृत नोंदवहीत घेण्याजोगा आहे का ते पाहतो. आधी नोंदलेल्या, त्याच जमिनीवर येणाऱ्या दाव्यात गटातला कुणी सदस्य असेल, तर नवा दावा या कसोटीत नापास होऊ शकतो.

नोंदणीची घाई खाणींमुळे करावी लागते. खाणपट्टा देण्याचा सरकारी इरादा जाहीर झाला, की सूचनेच्या दिवसापासून तीन महिन्यांत अर्ज आणि चार महिन्यांत नोंदणी झाली तरच वाटाघाटीचा हक्क मिळतो. तो नकाराधिकार नव्हे. सहा महिन्यांत करार झाला नाही तर कोणताही पक्ष असे वाद सोडवणाऱ्या नेटिव्ह टायटल न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो, आणि न्यायाधिकरण नफा किंवा उत्पादनावर आधारित मोबदल्याची अट घालू शकत नाही. असा वाटा हवा असेल तर तो टेबलावरच मिळवावा लागतो. आमच्या मते या कायद्यातला हा सर्वांत उघड अन्याय आहे.

आता पुरावा. यॉर्टा यॉर्टा लोकांचा दावा १९९८ मध्ये पडला आणि २००२ मध्ये हायकोर्टाने तो निकाल कायम केला. खालच्या न्यायाधीशाने आजच्या वृद्धांच्या साक्षीपेक्षा एडवर्ड कर या एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्या मेंढपाळ जमीनदाराच्या लेखनाला जास्त वजन दिलं. पूर्वजांनी १८८१ मध्ये जमीन मागायला केलेला अर्जच परंपरा तुटल्याचा पुरावा ठरवला गेला. ज्यांची जमीन हिरावली त्यांनाच सातत्य सिद्ध करायला लावणारी ही कसोटी आहे. तयारी मात्र तिच्याच मापाने करावी लागते. दाव्याच्या विरोधात जाईल असा प्रत्येक जुना कागद मानववंशशास्त्रज्ञाच्या अहवालात आधीच घ्या आणि त्याचा अर्थ गटाच्या बाजूने सांगा. रीत बदलली असेल तर लपवू नका. बदललेली रीत जुन्यातूनच कशी आली, ते पिढीगणिक दाखवा. सक्तीने हाकललेल्यांनी डी रोझ हिल खटला लक्षात ठेवावा: २००५ मध्ये फेडरल कोर्टाच्या पूर्ण पीठाने मानलं, की माणसं तिथे राहत नसली तरी कायदे आणि रीतींतून भूमीशी नातं टिकू शकतं.

वृद्धांची साक्ष सुनावणीची वाट न पाहता आधीच नोंदवण्याची विनंती कोर्टाला करा. जागेचं ज्ञान जागेवर उभं राहूनच नीट सांगता येतं, म्हणून सुनावणी त्या भूमीवर मागा. केवळ पुरुषांनी किंवा केवळ स्त्रियांनी ऐकायचं ज्ञान असेल, तर प्रवेश आणि नोंदी मर्यादित ठेवणारा आदेश साक्षीआधी घ्या. एकदा उघड झालेलं परत झाकता येत नाही.

सरकार आणि इतर पक्ष तयार असतील तर कलम ८७ खाली संमतीने निकाल होतो. सही करण्यापूर्वी हक्कांची यादी शब्द न् शब्द वाचा. 'अनन्य' हा शब्द नसेल तर इतरांना जमिनीवरून दूर ठेवण्याचा अधिकार मिळत नाही. भरपाईतही फरक पडतो: २०१९ च्या टिंबर क्रीक निकालात अनन्य नसलेल्या हक्काची आर्थिक किंमत पूर्ण मालकीच्या निम्मी धरली गेली, आणि सांस्कृतिक हानीसाठी वेगळे १३ लाख डॉलर मिळाले.

निकालानंतर हक्क सांभाळायला मूळनिवासींच्या संस्थांसाठीच्या २००६ च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था लागते. तिचे नियम निकालाआधीच ठरवा: सभासद कोण, जमिनीबाबतचा निर्णय कुठल्या घराण्यांच्या संमतीशिवाय होणार नाही, आलेल्या पैशाचा हिशेब कोण पाहील.