लॉट रोखायचा, माणूस दुखवायचा नाही

क्वालिटी इन्स्पेक्टरची नोकरी म्हणजे दिवसभर लोकांना ‘नाही’ म्हणायची नोकरी. नाशिककडच्या अंबड, सातपूर, सिन्नर अशा कुठल्याही औद्योगिक भागात लागा. पॉलिटेक्निकमध्ये व्हर्नियर धरायला शिकवतात, ड्रॉइंग वाचायला शिकवतात. वडिलांच्या वयाच्या ऑपरेटरला ‘हा पीस जाणार नाही’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं, ते मात्र ज्याचं त्यानेच शिकायचं. आमच्याकडे दरवर्षी नवी मुलं-मुली ट्रेनी म्हणून येतात. त्यांना चहाच्या सुट्टीत जे तुकड्यातुकड्याने सांगते, ते इथे एकत्र लिहिते आहे.

आधी जागा आणि वेळ. दुपारी शिफ्ट बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसं मशीनपाशी असतात. जाणाऱ्याला बस पकडायची घाई, येणाऱ्याचं अजून हजेरीतच लक्ष. अशा वेळी माल अडवायचा लाल टॅग घेऊन गेलात, तर तुमचं म्हणणं कितीही खरं असो, समोरच्याला ते चारचौघांत केलेला पाणउतारा वाटणार. त्याहून वाईट म्हणजे रिजेक्ट पीसचा फोटो काढून प्लांटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं. मशीन नंबर दिसला की नाव लिहायची गरजच उरत नाही. फोटो काढा, रिपोर्टला जोडा, ज्याचा आहे त्याला आधी दाखवा.

आता मशीनपाशी. एका जॉबचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ड्रॉइंगवर 25 एच 7 होता, म्हणजे 25.000 ते 25.021 मिलिमीटर एवढीच मुभा. मशीनवर आमचे बापू. (खरं नाव वेगळं, पण अख्खं शॉप त्यांना बापूच म्हणतं.) सकाळच्या राउंडला उचललेला पीस तपासणीच्या रूममध्ये मोजला तर 24.998. दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी. बापूंच्या शीटवर त्याच पीसपुढे 25.002 लिहिलेलं.

अशा वेळी ट्रेनी धावत जाऊन म्हणतो, “तुमचं मेजरमेंट चुकलंय.” झालं, शब्दाने शब्द वाढतो. मी विचारलं, “बापू, हा रूममध्ये दोन मायनस दाखवतोय. तुमच्याकडे किती आला होता?”

“दोन प्लस. शीट बघा ना मॅडम.”

“बघितली, म्हणूनच आले. एक पीस दोघं मिळून घेऊ?”

बोअर गेज, म्हणजे भोक मोजायचं साधन, ठरलेल्या मापाच्या रिंगवर झिरो केला आणि मशीनमधून नुकताच निघालेला पीस त्यांच्या हातानेच मोजला. दोन प्लस. मग तोच पीस रूममधल्या ग्रॅनाइटच्या टेबलावर गार व्हायला ठेवला आणि चहा घेऊन आलो. आता दोन मायनस. बापू पीस हातात फिरवत म्हणाले, “गरम होता तेव्हा.”

तेच कारण. ड्रॉइंगवरची मापं 20 अंश तापमानाला धरलेली असतात. स्टीलचा एक मीटर दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतो. 25 मिलिमीटरच्या बोअरला 15 अंशांचा फरक पडला की चार मायक्रॉन गेलेच. बापू चुकीचं मोजत नव्हते, मीही नव्हते. ‘तुमचं चुकलं’ हे वाक्य नुसतं कडू नव्हे, खोटंही ठरलं असतं. खरी गोष्ट अशी की इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजत आला होता आणि बोअर हळूहळू खालच्या टोकाला सरकत होता. मशीनमधली मापाची दुरुस्ती, म्हणजे ऑफसेट, बापूंनी स्वतःच वाढवला, मला सांगावंही लागलं नाही. बोअर लहान होता म्हणून अडवलेले पीस रिवर्कमध्ये, म्हणजे पुन्हा कापून, वाचले. मोठा झाला असता तर भंगारात गेले असते.

यातून नव्या पोरांनी उचलायचं ते इतकंच: आधी समोरच्याचा आकडा विचारा, मग आपला सांगा. वाद पीसबद्दल ठेवा. ‘बोअर कमी येतोय’ म्हटलं की माणूस मशीनकडे बघतो. ‘तुम्ही कमी काढलाय’ म्हटलं की तो तुमच्याकडे बघतो. आणि कारण त्याच्या तोंडून निघत असेल तर घाई करून आपण बोलून टाकू नका. श्रेय गेलं तर गेलं.

साहेब लोकांशी मतभेद वेगळ्या जातीचा. महिनाअखेर, गेटवर गाडी उभी, आणि तुम्ही लॉट होल्ड केलेला. “ग्राहक कधी बघतो इतकं?” असं कुणी ना कुणी म्हणणारच. इथे ड्रॉइंगचा पाठ सुरू करू नका, साहेबांना ड्रॉइंग तुमच्याआधीपासून माहीत आहे. त्यांची अडचण गाडीची आहे, तिच्याबद्दल बोला. “सर, गाडी रिकामी जाऊ नये हे मलाही मान्य आहे. दोन माणसं द्या, पूर्ण लॉट गेजने तपासून चांगले पीस तासाभरात वेगळे करतो. तेवढे आज जाऊ देत, उरलेल्यांसाठी ग्राहकाकडून लेखी डेव्हिएशन, म्हणजे तेवढा फरक चालेल अशी परवानगी, मागू.” नुसता ‘नाही’ घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जाऊ नये, सोबत एखादी वाट न्यावी. तरीही ते ‘पाठवाच’ म्हणाले, तर आवाज न चढवता विचारा, “सर, टॅगवर तुमची सही घेऊ का?” पुष्कळदा लॉट तिथेच थांबतो. नाही थांबला, तर निर्णय कुणाचा होता ते कागदावर राहतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच साहेबांबरोबर आपण जेवायला बसू शकतो.

मात्र गोड बोलायच्याही जागा ठरलेल्या असतात. दार उघडं असताना मशीन चालू न देणारा इंटरलॉक कुणी बांधून ठेवला असेल तर आधी मशीन बंद, बोलणं नंतर. तिथे बापू असोत की साहेब. मुलींसाठी आणखी एक: कुणी अंगचटीला येत असेल तर ते सांभाळून घ्यायचे मतभेद नव्हेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे 2013 च्या कायद्याने अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्याकडे सरळ लेखी तक्रार द्या.

घरच्या वादांना मात्र ना ड्रॉइंग ना गेज. आमची दिंडोरी भागात द्राक्षबाग आहे. दरवर्षी पावसाळा उतरायला लागला की घरातले वडीलधारे नाना आणि माझा भाऊ छाटणीवरून हमरीतुमरीवर येतात. नानांचं गणित ऑक्टोबरचं. भावाला सप्टेंबरातच छाटायची असते, माल लवकर निघाला तर भाव चांगला मिळतो म्हणून. नाना म्हणतात, परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर आला की केवडा, म्हणजे बुरशीचा रोग, आलाच. दोघांचंही खरं आहे, आणि कोण बरोबर ते छाटून झाल्यावर पाऊसच सांगणार. अशा वादात आणखी मुद्दे काढत बसणं म्हणजे नुसती जिरवाजिरवी.

गेल्या वेळी भावाने मुद्दे काढलेच नाहीत. जेवणं झाल्यावर, आई आत गेल्यावर, तो एवढंच म्हणाला, “नाना, ओढ्याकडचा एक एकर माझ्या हिशोबाने छाटू द्या. बाकी बाग तुम्ही म्हणाल तेव्हा.” नाना काही बोलले नाहीत, उठून ओट्यावर गेले. भाऊही मागे लागला नाही. दोन दिवसांनी कात्र्यांना धार लावताना नाना आपणहून म्हणाले, “कर तुझा एक एकर. केवडा आला तर फवारणीचा खर्च तुझ्या खिशातून.”

“आणि भाव मिळाला तर?” भावाने विचारलं.

“तर पुढच्या साली दोन.”