मालक मुंबईला, आवार गावाला

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, बिऱ्हाड डोंबिवलीला. गावी जाणं होतं ते शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत. एरवी आवार रानमोडी, घाणेरी आणि टाकळा या तणांच्या ताब्यात. अशा घराला बाग हवी ती आपल्यावाचून न अडणारी. माझा हिशेब सरळ आहे: घरालगत दहा-बारा फूट मोकळं अंगण, उरलेल्या जागेवर सावली. दाट सावलीत रानमोडीचा जोर मोडतो. उघडं ऊन मिळालं की ती आलीच.

साफसफाईला गणपती ते दिवाळी हा काळ धरा. जमीन ओली असते, मुळं सुटतात आणि रानमोडी फुललेली नसते. थंडीत ती फुलली की बी वाऱ्यावर उडून आवारभर पसरतं. नुसती कोयती मारलीत तर बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात. कुदळीने गड्डा उचकटायचा आणि मुळं वर करून उन्हात टाकायचा. घाणेरीच्या फांद्याही ओल्या मातीवर पडू देऊ नका, तिथेच मुळं धरतात. तणनाशक मी वापरू देत नाही, विहीर शेजारीच आहे.

गमबूट घाला आणि पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांच्या थरात, हात घालण्याआधी काठीने ढवळा. फुरसं हा विषारी साप हातभरच असतो, रंगही मातकट, त्यामुळे नजरेला येत नाही. डिवचलं की अंगावर अंग घासून करकर आवाज काढतं. चावलंच तर मांत्रिक नको, थेट रुग्णालय.

अंगणाला जांभ्याचे चिरे बसवा. सिमेंटचा कोबा नको, पाणी मुरत नाही आणि मे महिन्यात पाय भाजतात. खाली वाळूचा थर, फटींतही वाळूच. उतार घरापासून बाहेर, दहा फुटांना दीड-दोन इंच. पावसात चिऱ्यावर शेवाळ धरतं हे खरं. गणपतीआधी जायची-यायची वाट खराट्याने घासून घ्या, नाहीतर आरतीला येणारा पहिला माणूस आडवा!

सावलीला कोकम, फणस, बकुळ. पहिला पाऊस पडून जमीन भिजली की लावा. सुरुवातीचे दोन-तीन उन्हाळे पाणी लागेल, शेजारच्या वहिनींशी आधीच बोलून ठेवा. आळ्यात नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) पालथी घाला. उताणी ठेवलीत तर पाणी साचून डास होतील. खोडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी. मधल्या जागेत हळद आणि आंबेहळद. उन्हाळ्यात पाला वाळून जातो, पावसाबरोबर आपसूक कोंब येतात. लॉनच्या फंदात पडू नका, आणि नर्सरीवाला पिवळ्या फुलांची वेडेलिया गळ्यात मारू लागला तर हात जोडा. ती नवी रानमोडीच.

पुढे ग्रासकटरवाला गणपतीआधी एकदा आणि टाकळ्याच्या शेंगा पिकण्याआधी एकदा आला की पुरे. मात्र रोपांभोवती काठ्या रोवून लाल चिंध्या बांधा, कारण गवत कुठलं आणि बकुळ कुठली हे तो बघत बसत नाही.