मांजरांसाठी परड्यात जाळीची खोली बांधताना

बेळगावच्या वडगावात आमचं जुनं कौलारू घर आहे. मागं परडं, परड्यापलीकडं बोळातली कुत्री. मांजरं दोन, गुंड्या बोका आणि शेवंती. एका पावसाळ्यात गुंड्या कान फाडून घेऊन आला, तेव्हा ठरवलं की ह्यांची हवा खाणं आता जाळीच्या आतच. आज उभी आहे ती दुसरी खोली. पहिली फसली.

फसली ती जाळीमुळं नव्हे, दारामुळं. एकच दार, तेही बाहेर उघडणारं. हातात पाण्याचं भांडं घेऊन मी आत शिरायला आणि शेवंती पायातून सटकायला एकच वेळ. दोन दिवसांनी शेजारच्या कापड विणायच्या मागाच्या शेडात सुताच्या कांड्यांच्या टोपलीत झोपलेली सापडली. म्हणून आधी दारं ठरवा. एकामागं एक दोन दारं, मधे 3 फुटांचा बोळ. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. दोन्ही आत ढकलायची; म्हणजे मांजराने धडक दिली तरी दार चौकटीवरच बसतं. कडी दोन्ही बाजूंनी हाताला लागली पाहिजे, नाहीतर आपणच आत अडकतो. (एकदा अडकले. आमच्या ह्यांना टीव्हीपुढं हाका ऐकू गेल्या नाहीत.)

मांजरांची ये-जा मात्र ह्या दारातून नाहीच. आमच्या स्वयंपाकघराला जुनी गजांची खिडकी आहे, गजांतून मांजर सहज जातं. खोली त्या खिडकीलाच लावून घेतली. रात्री झडप लावली की मांजरं घरात.

जागा निवडताना आपला पाऊस ध्यानात घ्या. तो पश्चिमेकडून वाऱ्याबरोबर आडवा मारतो. घराच्या पूर्वेला खोली असली तर भिंतच आडोसा होते, आणि थंडीत सकाळचं ऊनही तिथंच पडतं. छत पूर्ण पत्र्याचं नको. एप्रिलमध्ये तापतं आणि पावसात असा दणदणाट होतो की मांजरं फिरकत नाहीत. मी भिंतीकडच्या अर्ध्या भागावर खानापूरची जुनी कौलं घातली, उरलेल्या अर्ध्यावर जाळी. उघडं मात्र काही ठेवू नका, 7 फूट उंची मांजराला अडवत नाही.

आता माप. वेल्डमेशचे, म्हणजे तारा वेल्डिंगनं जोडलेल्या चौकोनी जाळीचे, रोल 3 आणि 4 फूट रुंदीचे मिळतात, त्यावरून सांगाडा आखा. माझी खोली 8 फूट लांब, 4 फूट रुंद, 7 फूट उंच. खाली 3 फुटांची पट्टी अर्ध्या इंची जाळीची, वर 4 फुटांची एक इंची. जाळी जवळजवळ वाया गेली नाही. खालची बारीक घेतली ती सापांसाठी. अगदी लहान पिल्लू त्यातूनही येऊ शकतं, पण मोठा साप येत नाही. बाहेरच्या बोक्याचा पंजाही आत येत नाही. कोंबड्यांची षटकोनी जाळी घेऊ नका, ती दाबली की वाकते. आणि गेजचा, म्हणजे तारेच्या जाडीचा, आकडा वाढला की तार बारीक होते, हे दुकानात विसरायला होतं. 16 पेक्षा 14 गेज जाड.

वेल्डिंगवाले मामा माप घेताना म्हणाले, "मांजराला घर बांधतासा काय वैनी?" शेजारच्या अज्जीही कानडीत "बेक्किगे मने?" (मांजराला घर?) म्हणून हसल्या. हसू द्या, पण भाव आधी ठरवा. किलोवर ठरवला तर उगीच जड पाईप येतो, फुटावर ठरवला तर पातळ. मी पाईप स्वतः आणून दिला, एक इंची चौकोनी, आणि मजुरी वेगळी ठरवली. जाळी नुसत्या वेल्डिंगच्या टाक्यांवर सोडायला देऊ नका. वरून लोखंडी पट्टी मारून घ्या, म्हणजे कापलेल्या तारांची टोकं तिच्याखाली जातात. मग डोळे मिटून सगळ्या कडांवरून हात फिरवायचा. जिथं बोचेल तिथं ग्राइंडर. वेल्डिंगनं जस्ताचा थर जळतो, गंज तिथूनच धरतो. त्या जागी प्राइमर आणि रंग. रंग पुरता वाळून वास जाईपर्यंत मांजरं आत नकोत, ती जाळीला अंग घासतात आणि मग अंग चाटतात.

खाली शहाबादी फरशी, 8 फुटांत 2 इंच उतार. धुवायला साबणाचं पाणी. फिनाईल अजिबात नाही. त्यातलं फिनॉल मांजराच्या यकृताला पचत नाही आणि पायाचं फिनाईल चाटण्यातून पोटात जातं.

मांजराला जमिनीपेक्षा उंचीच प्यारी. जुन्या मागाच्या फळ्या घरात पडून होत्या, त्या 12 इंच रुंदीच्या ठेवून दीड-दीड फुटावर जिन्यासारख्या बसवल्या. एका खांबाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली, नखं घासायला. सर्वांत वरच्या फळीवर शेवंतीचा हक्क. गुंड्या तिथं गेला की चापट खातो.

झाडांत लिली नकोच. तिचे परागकण अंगावरून चाटले गेले तरी मांजराचं मूत्रपिंड निकामी होतं. कण्हेर, मनी प्लांट, मोरीकडचा अळूही जाळीपासून लांब. कुंडीत गहू पेरा, ते गवत आवडीनं खातात.

तयार खोली विकत घेणार असाल तर पाइनच्या लाकडाची घेऊ नका, आपल्या पावसात फुगून दार लागेनासं होतं. फ्लॅटवाल्यांनी बाल्कनीला कबुतरांची नायलॉन जाळी लावून निश्चिंत होऊ नये, मांजर ती कुरतडतं.

काम एप्रिलमध्येच सांगा. मे उजाडला की सगळे वेल्डिंगवाले लोकांच्या पावसाळी पत्र्यांत गुंततात, आणि मामांचा "उद्या येतो" जूनपर्यंत चालतो.