बटेराची अंडी घरी उबवताना: कोकणात आधी पाणी कमी करा

गुहागरला आमच्या घरी बटेराची (जपानी लावीची) पहिली ४० अंडी मी जुलैत उबवायला ठेवली. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे इन्क्युबेटरमधली (अंडी उबवायच्या पेटीतली) पाण्याची वाटी रोज काठोकाठ भरत होतो. अठराव्या दिवशी नऊच पिल्लं आली. उरलेली अंडी फोडली, तर बऱ्याच अंड्यांत पूर्ण वाढलेलं पिल्लू आतल्या आत मेलेलं, अंगावर चिकट ओल. ते बघून दोन दिवस जेवण गेलं नाही.

चूक पाण्याची होती. पंख्याच्या इन्क्युबेटरमध्ये तापमान ३७.५ अंश लागतं आणि पहिले चौदा दिवस आर्द्रता साधारण ४५ ते ५० टक्के. पावसाळ्यात आपल्याकडची हवा समजा २७ अंशांची आणि ९० टक्के दमट. तीच हवा पेटीत ३७.५ अंशांना तापली की आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते. वर आणखी पाणी कशाला? अंड्यातलं पाणी उडायला हवं, तरच टोकाची हवेची पोकळी वाढते आणि पिल्लाला पहिला श्वास मिळतो. मी आता दहा अंडी एकदम काट्यावर ठेवतो. सुरुवातीला १२० ग्रॅम भरली, तर चौदाव्या दिवशी १०८ च्या जवळ आली पाहिजेत. बटेराचं कवच ठिपक्यांचं असल्यामुळे उजेडासमोर धरून आतलं नीट दिसत नाही, म्हणून वजनावरच माझा जास्त भरवसा. थंडीत, कोरडा वारा सुटला की मात्र वाटीत थोडं पाणी लागतं.

आर्द्रतेच्या मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ घेऊन ते मीटरसोबत बंद डब्यात सहा-आठ तास ठेवा. काटा ७५ दाखवायला हवा. माझा ६८ दाखवायचा!

अंडी सात दिवसांच्या आतली घ्या, निमुळतं टोक खाली ठेवून साठवा. दिवसातून चार-पाच वेळा फिरवा, पंधराव्या दिवसापासून थांबा. आता आर्द्रता ६५-७० वर न्या, ओला स्पंज ठेवून, आणि झाकण उघडू नका. चोच बाहेर दिसली की हात शिवशिवतो, पण उघडलंत तर ओल निघून जाते, कवचाच्या आतला पापुद्रा सुकून पिल्लाला आवळतो.

लाईट जाणारच, पावसात तर हमखास. पेटी गोधडीत गुंडाळायची, हवेची भोकं मोकळी ठेवायची. तास-दीड तास गेला तरी अंडी तगतात, फार तर पिल्लं थोडी उशिरा येतात.

पिल्लू जेमतेम सात-आठ ग्रॅमचं. अंग सुकल्यावरच ३५-३६ अंशांच्या उबेत हलवा. खाली वर्तमानपत्र घालू नका, पाय फाकतात. मी गोणपाट घालतो. पाण्याच्या ताटलीत गोट्या किंवा किनाऱ्यावरचे धुतलेले खडे भरा. एवढंसं पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं.