गर्दीच्या रस्त्यावर पायी किंवा सायकलवर निघताना या चुका टाळा

संध्याकाळी पुण्यात टिळक रोडच्या किंवा सातारा रोडच्या एखाद्या सिग्नलला थोडा वेळ उभं राहिलं, की खाली लिहिलेल्या सगळ्या चुका ओळीने बघायला मिळतात. खड्डे, अडवलेले फुटपाथ आणि बेशिस्त गाडीवाले यांच्यासाठी महापालिकेशी, पोलिसांशी भांडायलाच हवं. पण ते भांडण तडीला जाईपर्यंत आपल्याला रोज सुखरूप घरी पोचायचं आहे.

अवजड गाडीच्या डावीकडून पुढे घुसणं

जिवावर बेतणारी चूक कुठली, असं कुणी विचारलं तर मी पहिलं नाव हिचंच घेतो. डंपर, टँकर, काँक्रीटचा मिक्सर यांचा ड्रायव्हर उंचावर आणि उजवीकडे बसलेला असतो. केबिनच्या डाव्या दाराखालचा रस्ता त्याला जवळजवळ दिसतच नाही. पूर्वी त्या बाजूला क्लीनर बसायचा, मान बाहेर काढून ओरडायचा. आता पुष्कळ गाड्यांवर क्लीनर नसतो. त्यात लांब गाडी डावीकडे वळताना तोंड आधी जरा उजवीकडे काढते, त्यामुळे डावीकडे जागा झाल्यासारखी वाटते. मग मागची चाकं आतून येतात आणि ती जागा गिळून टाकतात.

गेल्या पावसाळ्यात हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. मिक्सर सिग्नलला उभा होता, डावा इंडिकेटर चालू. मागून एक कॉलेजचा मुलगा नव्या गिअरच्या सायकलवर आला आणि फुटपाथ आणि मिक्सर यांच्यामधल्या फटीत शिरला. सिग्नल सुटला, मिक्सर वळू लागला. कोपऱ्यावरचा पानवाला आणि मी एकदमच ओरडलो. पोराने सायकल टाकून फुटपाथवर उडी मारली. सायकलचं मागचं चाक मिक्सरखाली जाऊन पापडासारखं चपटं झालं. ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. ‘दिसलाच नाही हो’ एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि ते खरंच होतं. पोराला विचारलं, तर म्हणाला, ‘काका, जागा होती ना!’

मोठी गाडी पुढे असली की मी तिच्या मागे, लेनच्या मधोमध, दोन सायकली मावतील एवढं अंतर सोडून थांबतो. तिच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही मी दिसत नाही असं धरून चालतो. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

थांबलेल्या गाडीच्या आडून रस्ता ओलांडणं

हात दाखवला, बस थांबली, आपण निघालो. पण बसच्या पलीकडून येणाऱ्या स्कूटरवाल्याला ना आपण दिसलो, ना आपला हात. ताशी 40 किलोमीटरने येणारी स्कूटर एका सेकंदात 11 मीटर अंतर कापते, आणि आपण दिसल्यावर त्याची बोटं ब्रेक दाबेपर्यंतच तो सेकंद संपतो. म्हणून थांबलेल्या गाडीच्या कडेपर्यंत यायचं, तिथे थांबायचं, मान काढून बघायचं आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं. झेब्रावरसुद्धा. स्वतः बसमधून उतरला असाल, तर आधी बस जाऊ द्या. बरोबर लहान मूल असेल तर त्याचं मनगट धरा, नुसतं बोट नको. अर्ध्यात येऊन उलट पळणं सगळ्यात वाईट, कारण गाडीवाल्याने तुम्ही पुढे जाणार असा अंदाज बांधलेला असतो.

उभ्या गाड्यांना घासून सायकल चालवणं

दार कधी उघडेल सांगता येत नाही. किमान एक मीटर लांबून जा. मागच्या काचेतून आत डोकं दिसलं किंवा रिक्षा नुकतीच थांबली असेल, तर हात ब्रेकवर हवा. कारवाल्यांनाही एक विनंती: उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडा. मान आपोआप मागे वळते.

उलट दिशेने सायकल

‘इथून इथे तर जायचंय.’ चौकातून वळणारा माणूस त्या बाजूला बघतच नाही. एवढी घाई असेल तर उतरा आणि सायकल हातात धरून चाला. पायी चालणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे: फुटपाथ नसेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने चाला.

बाकीच्या

हँडलला पिशवी लटकवू नका, ती स्पोकमध्ये जाते. ओढणी बांधून घ्या. पावसात चेंबरच्या लोखंडी झाकणावर वळू नका आणि ब्रेकही दाबू नका. इअरफोन घरी ठेवा, दोन्ही.

महागड्या सायकली पुष्कळदा घंटी आणि दिव्याशिवाय विकल्या जातात, आणि घेणारे आधी पाण्याच्या बाटलीचा स्टँड बसवतात. आधी मागचा लाल दिवा घ्या, मग घंटी, मग पुढचा दिवा. दिवा सीटखाली लावलात तर लांब शर्ट किंवा रेनकोट त्याच्यावर येत नाही ना, हे निघण्यापूर्वी कुणाला तरी मागे उभं करून बघून घ्या.