सिरॅमिकवर नक्षी शिकायचीय? आधी सोलापूरचं ऊन समजून घ्या

मी आधी सोलापुरात जॅकार्ड चादरींची (मागावरच नक्षी विणून येते त्या) डिझाइनं करायचो. तिशी उलटल्यावर मातीत पडलो. आता ओळखीतली पोरंपोरी विचारतात की कुठून सुरुवात करू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिल्या बॅचला चौदा कप केले, त्यावर पांढरी स्लिप लावली (स्लिप म्हणजे पातळ केलेली माती, साईइतकी दाट), आणि सकाळी बघतो तर नऊ कपांची स्लिप जुन्या भिंतीच्या चुन्यासारखी पापुद्रे धरून निघालेली. मला वाटलं मटेरियल खराब. एका कुंभारमामांना दाखवलं तर ते हसले, म्हणाले, "बे, मडकं वाळून गेल्यावर लावलास की. त्याचं आकसून झालंय, तुझ्या लेपाचं आकसायचंय अजून. धरंल कसं?"

एवढंच आहे बघा सगळं. माती वाळताना आकसते, भाजताना परत आकसते, दोन्ही मिळून साधारण दहा-बारा टक्के. कप आणि स्लिप जवळपास सोबत आकसले तर जोडी टिकते, म्हणून स्लिप लावायची लेदर हार्ड असताना. म्हणजे भांडं हातात धरलं तर आकार बिघडत नाही पण नखाने ओरखडा उठतो, ती वेळ. पुस्तकात, व्हिडिओत सांगतात की एक रात्र प्लॅस्टिकखाली ठेवा, ते थंड देशातलं गणित हो, इथे एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो आणि पंख्याखाली ठेवलेला कप चहा पिऊन येईपर्यंत हातचा गेलेला असतो. माझा जुगाड असा की झाकणाचा प्लॅस्टिक डबा घ्यायचा, तळाशी दोन बोटं जाड पीओपी ओतायचं, ते सेट झालं की पाणी पाजायचं आणि भांडी त्यात ठेवायची. आठवडाभर लेदर हार्ड राहतात. ओला सोलापुरी टॉवेल गुंडाळूनही बघितला, पण टॉवेलची वीण कपावर उमटली (ती दिसायला बरी होती, तो विषय वेगळा).

सुरुवात स्ग्राफितोनेच करा असं माझं मत. लाल मातीवर पांढरी स्लिप, ती किंचित सुकली की टोकदार हत्याराने खरवडून खालचा लाल रंग बाहेर काढायचा. खर्च जवळजवळ नाही आणि माती स्वतःच सांगते वेळ बरोबर आहे का ते. पेन्सिलच्या सालीसारखी गुंडाळी निघाली तर झकास, हत्याराला चिकटली तर थांबा, पावडर उडाली तर उशीर झाला. आणि त्या पावडरवर फुंकर मारायची नाही, कोरडा झाडू पण नाही. त्यात सिलिका असतं, फुप्फुसात गेलं की परत निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

इंपोर्टेड अंडरग्लेझच्या (ग्लेझ म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, त्याखाली द्यायचा तयार रंग) बाटल्या आधी घेऊ नका. कोबाल्ट ऑक्साइड, आयर्न ऑक्साइड थोडं थोडं आणा, स्लिपमध्ये कोबाल्ट एक-दोन टक्के पुरतं. ते दिसतं काळं, निळं होतं भट्टीतून आल्यावर, त्यामुळे टेस्ट टाइल (रंग तपासायचा मातीचा छोटा तुकडा) केल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही. टाइलमागे नंबरही आयर्न ऑक्साइड कालवलेल्या पाण्याने लिहा, मी पेनने लिहिले, सगळे जळून गेले. संक्रांतीच्या सुगडांवर चुना-गेरू लावतात तो भांडं भाजून झाल्यावर वरून लावलेला रंग, बोटाला लागतो, त्याची नि या भट्टीतल्या रंगाची गल्लत करू नका.

मोफत म्हणून शेतातली काळी माती आणायचा मोहही टाळा. तिच्यात चुनखडीचे खडे असतात. भाजून भांडं छान दिसतं, मग हवेतलं पाणी पिऊन तो खडा फुगतो आणि नक्षीचा टवका उडवतो, कधी कधी पंधरा दिवसांनी, गिऱ्हाइकाच्या घरी!

डिझाइनचं म्हणाल तर मला वाटलं होतं चादरीची बुट्टी (म्हणजे परत परत येणारी छोटी नक्षी) उचलायची नि वाडग्यावर टाकायची. नाही जमत. चादरीचं डिझाइन काढतो त्या ग्राफवर चौकोन सगळे सारखे, वाडगा खाली अरुंद वर रुंद, त्यामुळे तीच बुट्टी तळाशी गर्दी करते नि काठाला विरळ होते. आता मी काठाचे आठ भाग पाडतो, तळापर्यंत रेघा ओढतो आणि बुट्टी त्या फाकेत बसवतो, वर मोठी, खाली लहान.

शिकायला जायचं तर अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) सिरॅमिक आणि ग्लासचं मास्टर्स आहे, पाँडिचेरीला १९७१ पासूनचा गोल्डन ब्रिज पॉटरी हा स्टुडिओ आहे. डिग्री नसेल तर कुंभारवाड्यात सहा महिने बसा, चाकावरचा हात तिथेच बसतो, ग्लेझ मात्र वेगळं शिकावं लागतं.

घरी भट्टी नसेल तर भाजायला पुण्याला पाठवावं लागतं. त्यात एक करा, पहिली भाजणी, म्हणजे बिस्क, साधारण हजार डिग्रीची, इथेच कुणाकडे तरी उरकून घ्या. कच्ची वाळलेली भांडी बिस्किटासारखी मोडतात. मी पाच वाडगे जुन्या चादरीत गुंडाळून गाडीतून नेले होते, टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हा तीनच शाबूत होते.